हॉप्सचा वेल घरच्या बागेत: लावणं सोपं, आवरणं अवघड

एप्रिल उजाडला की हॉप्सच्या, म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलाच्या, जुन्या गड्ड्यातून वीस-तीस कोंब एकदम जमीन फोडून वर येतात. जांभळट, रसरशीत, रोज विताने वाढणारे. त्यातले चार-सहा ठेवायचे आणि बाकीचे सगळे कापून टाकायचे. बागकामाची आवड असलेल्या माणसाचा हात इथेच अडतो. हॉप्सची बहुतेक घरगुती लागवड फसते ती वेल मेल्यामुळे नाही, तर हात न चालवल्यामुळे. तीन वर्षांत कुंपणावर हिरवं जंगल होतं, आत हवा खेळत नाही, पानांवर बुरशी चढते आणि शंकू, म्हणजे ज्यांच्यासाठी वेल लावायचा ती शंकूच्या आकाराची फुलं, मिळतात मूठभर. म्हणून या लेखात लावण्यापेक्षा छाटण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मी अमेरिकेत ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यात राहते. इथे हॉप्स हे शेतातलं पीक आहे. वॉशिंग्टनमधलं याकिमा खोरं, आयडाहो आणि ऑरेगन या तीन राज्यांतून अमेरिकेचं जवळपास सगळं हॉप्स येतं. जर्मनीतलं हालेर्टाऊ, चेक प्रजासत्ताकातलं झाटेत्स, इंग्लंडमधलं केंट हे याचे जुने मुलूख. या पट्ट्यांत राहणाऱ्या आणि मागच्या अंगणात दहा-पंधरा फूट उंच दोरी बांधायला जागा असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे.

पुण्या-नाशिकच्या वाचकांना आधीच सांगते, हा खटाटोप करू नका. हॉप्सचं गणित दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस मोठे असताना वेल उंच वाढतो आणि ते लहान होऊ लागले की फुलावर येतो. ऑरेगनमधल्या पोर्टलंडला जूनमधला सर्वांत मोठा दिवस पावणेसोळा तासांच्या आसपास असतो, पुण्यात तो तेरा तासांच्या थोडाच पुढे जातो. म्हणजे तिथे वेलाला दिवस कायम लहानच वाटतो. तो गुडघ्याएवढा असतानाच फुलू लागतो, आणि वर एप्रिल-मेचं ऊन असतंच. व्यापारी लागवड साधारण ३५ ते ५५ अक्षांशांत होते ती यामुळे. भारतात हॉप्स पिकतं ते हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, दहा हजार फुटांच्या आसपास. महाराष्ट्रात हौस म्हणून कुंडीत एखादा वेल जगेलही, पण शंकूंची आशा धरू नये.

आधी वेल ओळखा

हॉप्स हा भांगेच्या कुळातला वेल, पण नशेचा गुण त्याच्यात नाही. जमिनीखालचा गड्डा वीस वर्षं सहज टिकतो, जमिनीवरचं सगळं मात्र दर हिवाळ्यात वाळून जातं. दर वसंतात वेल शून्यापासून सुरुवात करून ऑगस्टपर्यंत अठरा-वीस फुटांवर पोचतो. जूनच्या ऐन वाढीत दिवसाला फूटभरसुद्धा चढतो. त्याला द्राक्षासारखे ताणे नसतात. खोडावरच्या आकड्यांसारख्या खरखरीत केसांनी तो दोरीला धरतो आणि वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेटोळे घेत जातो. उलट्या दिशेने गुंडाळलात तर दुसऱ्या दिवशी सुटून खाली पडलेला दिसेल.

नर आणि मादी वेल वेगळे असतात. शंकू फक्त मादीला येतात. शंकूच्या पाकळ्यांच्या बुडाशी जी पिवळी, चिकट भुकटी असते ती ल्युप्युलिन. बियरचा कडवटपणा आणि वास तिच्यातून येतो. बियांपासून रोपं केली तर साधारण निम्मी नर निघतात आणि उरलेल्या माद्याही मूळ जातीसारख्या नसतात. त्यामुळे बी विसरा. हॉप्स वाढवायचं ते बेण्यावरून, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडाच्या तुकड्यावरून. इथल्या नर्सरीत त्याला राइझोम म्हणतात.

जात कोणती घ्यावी

पहिल्यांदा लावणाऱ्याने कॅस्केड घ्यावं, दुसरा विचार करू नये. ही जात ऑरेगनमधल्या कोर्व्हालिस इथल्या सरकारी पैदास कार्यक्रमातून १९७२ मध्ये बाहेर आली. तिच्या रक्तात इंग्लंडची फगल आणि रशियाची सेरेब्रिआंका आहे. डाऊनी या बुरशीच्या रोगाला ती बऱ्यापैकी दाद देत नाही, उत्पन्न भरपूर देते आणि हवामानाबद्दल फारशी कुरकुर करत नाही. वास संत्र्या-पपनसाच्या सालीचा. चिनूक, सेंटेनियल आणि नगेट याही घरच्या बागेत चालतात. जर्मनीची हालेर्टाऊ किंवा चेक साझ यांचं नाव मोठं आहे, पण अमेरिकेतल्या अंगणात त्या हात आखडता घेतात. हौस असेल तर दुसरा वेल म्हणून लावा.

खरेदीची एक अडचण. ऑरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांनी हॉप्सच्या बेण्यावर रोगप्रतिबंधक निर्बंध घातले आहेत. बाहेरच्या राज्यातून ऑनलाइन मागवू नका, स्थानिक नर्सरीतून घ्या. आणि सुट्टीत भारतात जाताना भावासाठी बॅगेत दोन मुळ्या टाकण्याचा विचार तर मुळीच नको. आयात परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र यांच्याशिवाय लागवडीचं साहित्य भारतात नेणं बेकायदा आहे.

जागा आणि लागण

दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन, डोक्यावर मोकळी उंची आणि पाणी न साचणारी माती, या तीन गोष्टी हव्यात. सामू ६ ते ७.५ चालतो. घराच्या भिंतीला अगदी चिकटून लावू नका. वेल पन्हाळीत शिरतो, खिडकीच्या जाळीला धरतो आणि भिंत ओली ठेवतो. शेजाऱ्याच्या कुंपणापासून तर हातभर नाही, चांगला पाच-सहा फूट दूर. आडवी खोडं जमिनीखालून सरकत पलीकडे निघतात आणि मग कुरबुरी सुरू होतात.

एकाच जातीच्या दोन वेलांत तीन फूट, वेगळ्या जातींत निदान सहा ते आठ फूट अंतर ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी कोणता कोंब कोणाचा हे सांगता येणार नाही.

बेणं मार्च-एप्रिलमध्ये मिळतं. पेन्सिलीएवढं जाड, सहा इंच लांब, निदान दोन-तीन पांढरे डोळे असलेलं आणि दाबल्यावर टणक लागणारं घ्या. मऊ, कुजका वास येणारं परत करा. जमीन अजून गोठलेली असेल तर ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. दोन-तीन आठवडे सहज टिकतं.

फूटभर खोल आणि तितकाच रुंद खड्डा घेऊन तळाची माती मोकळी करा, चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा आणि खड्डा जवळजवळ भरून घ्या. बेणं आडवं ठेवा, डोळे वर, आणि त्यावर दीड-दोन इंचच माती. आलं-हळद लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाणी द्या आणि वर पेंढ्याचं पातळ आच्छादन करा. कोंब दिसेपर्यंत माती ओलसर राहू द्या, चिखल नको. अंगणच नसेल तर कुंडीतही जमतं, पण ती निदान साठ-सत्तर लिटरची हवी, आणि उन्हाळ्यात रोज पाणी घालायची तयारी हवी.

दोरी आणि मंडप

मंडपाचा खर्च एकदाच होतो, तो नीट करा. सर्वांत सोपी रचना म्हणजे पंधरा-सोळा फुटी एकच खांब, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीतून ओढदोर आणि ओढदोराच्या टोकाला वेलाच्या दोऱ्या. खांबाचा दोन-तीन फूट भाग सिमेंटमध्ये गाडा. पूर्ण वाढलेला, पावसाने भिजलेला वेल वाऱ्यात शिडासारखा ताण देतो. कप्पी हवीच, कारण काढणीच्या वेळी शिडीवर चढण्यापेक्षा वेल खाली उतरवणं केव्हाही बरं.

दोरी मात्र नायलॉनची नको. ती गुळगुळीत असते, वेल घसरतो, आणि नंतर कंपोस्टमध्येही जात नाही. काथ्याची दोरी घ्या. याकिमाच्या मोठ्या शेतांतही काथ्याच वापरतात, तो श्रीलंकेहून येतो. दापोली-वेंगुर्ल्याच्या माणसाला ऑरेगनच्या शेतात शिरल्यावर ओळखीची वाटेल अशी हीच एक वस्तू. एका गड्ड्याला दोन दोऱ्या पुरतात, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वर फाकलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन मिळतं.

पहिलं वर्ष: हात आवरा

पहिल्या वर्षी छाटणी करू नका. जे येतील ते सगळे कोंब वाढू द्या, दोरीवर चढवा. या वर्षी पानांनी कमावलेलं अन्न गड्ड्यात साठवायचं आहे. शंकू थोडे येतील किंवा येणारही नाहीत. पाणी मात्र वरचेवर द्या, कारण मुळं अजून उथळ असतात. पुरती वाढ आणि पुरतं उत्पन्न तिसऱ्या वर्षी.

दुसऱ्या वर्षापासून: हात चालवा

मार्चच्या शेवटी जे पहिले जाड, पोकळ कोंब येतात ते दिसायला जोरदार, पण पेरं लांब आणि बाजूच्या फांद्या कमी. शिवाय थंड, ओल्या दिवसांतले हे कोंब डाऊनीला पहिले बळी पडतात. हे सगळे जमिनीलगत कापून टाका. आठ-दहा दिवसांत दुसरा फुटवा येतो, बारीक आणि काटक. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत, तो दोन-तीन फुटांचा झाला की प्रत्येक दोरीला दोन, फार तर तीन निरोगी कोंब निवडा आणि घड्याळाच्या दिशेने अलगद गुंडाळा. हे काम दुपारी करा. सकाळी कोंब पाण्याने टच्च भरलेले असतात, वाकवले की काडकन मोडतात.

उरलेले सगळे कापा, आणि पुढे जूनअखेरपर्यंत दर आठवड्याला नवे फुटलेलेही. नाशिककडची द्राक्षबाग पाहिली असेल त्यांना फेलफूट काढणं ठाऊक आहे, तेच हे.

कापलेले कोंब फेकू नका. बोटाएवढे लांब, बारीक, कोवळे शेंडे खायला उत्तम. बेल्जियममध्ये आणि इटलीच्या व्हेनेतो भागात वसंतात ते मुद्दाम बाजारात येतात. चव शतावरीच्या कोंबांसारखी, मागे किंचित कडसर. मी ते उकळत्या मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढते, मग तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची यांची फोडणी, कोंब, मीठ, आणि वरून चिमूट-चिमूट बेसन पेरून एक वाफ. बेसनाने कडवटपणा दबतो. कोंब जुने, खरखरीत झाले असतील तर हा नाद करू नका, घशाला खवखवतात.

वेल दोरीच्या शेंड्याला टेकला की खालच्या तीन फुटांवरची सगळी पानं आणि फांद्या काढा. वेल नागडा झालेला बघून वाईट वाटतं, पण पावसाचे थेंब मातीवर आपटून जे बुरशीचे बीजाणू उडवतात त्यांना चढायला शिडी राहत नाही आणि बुडाशी हवा खेळते. शंकू वरच्या फांद्यांनाच धरतात, खालच्या पानांनी उत्पन्नात काही भर पडत नाही.

पाणी, खत आणि दुखणी

पाणी ठिबकने, बुडाशी. पानं भिजवू नका. वेल खादाड आहे. एप्रिलमध्ये दोन-तीन इंच कंपोस्ट, मग मे-जूनमध्ये नत्राचा दोन-तीनदा हलका हप्ता. जुलैत बारीक, केसाळ फुलोरा दिसला की नत्र बंद. नंतर दिलेलं नत्र पानांत जातं आणि माव्याला बोलावणं धाडतं.

रोगांत सर्वांत वाईट डाऊनी, म्हणजे केवडा. वसंतात एखादा कोंब खुरटलेला, फिकट पिवळा, पानं खाली वळलेली आणि जवळजवळ येऊन टोकाला झुबका झालेला दिसला, आणि पान उलटल्यावर करडी-काळी बुरशी दिसली, तर तोच. असा कोंब तिथल्या तिथे कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. बुरशी गड्ड्यात शिरून हिवाळा काढते, म्हणून एप्रिलची निर्दय छाटणी हेच तिच्यावरचं पहिलं औषध. भुरी म्हणजे पानांवरचे पांढरे, पिठूळ ठिपके. दाट सावलीत आणि कोंदट हवेत ती येते, गंधकाची फवारणी चालते, पण ऊन तापलेलं असताना मारू नका.

जुलै-ऑगस्टच्या कोरड्या उन्हात लाल कोळी येतो. पानं आधी बारीक ठिपक्यांची, मग तांबूस होतात, खाली बारीक जाळी दिसते. धुळीत तो फोफावतो. सकाळी पाइपचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारा, दोन-तीन तासांत ऊन पानं सुकवेल. पानं न भिजवण्याच्या नियमाला हा एकच अपवाद. मावा प्लमच्या झाडावर हिवाळा काढून हॉप्सवर उतरतो. ढालकिडे असतील तर थांबा, ते आवरतात. मात्र मावा शंकूंच्या आत शिरला की त्याच्या चिकट पाझरावर काळी काजळी धरते आणि ते शंकू वाया जातात. म्हणून ऑगस्टपूर्वीच बघा.

एकाचे अनेक

मार्चमध्ये, कोंब फुटायच्या तोंडावर, गड्ड्याभोवती फूट-सव्वा फुटाच्या वर्तुळात फावडं सरळ खाली घाला. बाहेर पळालेली आडवी खोडं तुटतात. ती उपसून काढा आणि धारदार कात्रीने सहा-सहा इंचांचे तुकडे करा, प्रत्येकावर दोन-तीन डोळे. मूळ आणि खोड यातला फरक डोळ्यांवरून कळतो, ज्याला डोळे नाहीत ते मूळ, त्यातून कोंब येणार नाही. ही छाटणी दोन-तीन वर्षांनी करावीच लागते, नाहीतर गड्डा अंगण व्यापतो. त्यामुळे बेणं फुकटच मिळतं.

लगेच बेणं नको असेल तर दाब कलम करा. मे-जूनमध्ये कापायचाच असलेला एखादा लांब कोंब जमिनीवर आडवा करा, एक-दोन पेरांवरची पानं काढून ती पेरं तीन इंच मातीखाली दाबा, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. पुढच्या मार्चपर्यंत तिथे मुळं आणि डोळे दोन्ही तयार होतात. आईपासून कापून उचला.

एकाच वेलापासून पुष्कळ रोपं हवी असतील तर मेमध्ये कोवळ्या खोडाची छाट कलमं. पेन्सिलीहून बारीक, निरोगी कोंबाचे एक किंवा दोन पेरांचे तुकडे घ्या, वरच्या पानांची जोडी ठेवा पण पानं अर्धी कापा. ओलसर परलाइट आणि कोकोपीटच्या मिश्रणात असं रोवा की निदान एक पेर आत जाईल. वर पारदर्शक डबा पालथा घाला, उजेड हवा पण थेट ऊन नको. बुडाला २१ ते २४ अंश ऊब मिळाली तर दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. मुळ्या सुटण्यासाठी रूटिंग पावडर असेल तर लावा, नसेल तरी हॉप्स अडून बसत नाही.

कुठलीही पद्धत असो, आजारी वेलापासून रोप करू नका. विषाणू आणि त्यांच्याहूनही सूक्ष्म विषाभ बेण्याबरोबर पुढच्या रोपात जातात आणि ते काढायला औषध नाही. एका वेलावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री दहा टक्के ब्लीचच्या पाण्यात बुडवा.

काढणी

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जातीप्रमाणे. रंगावर जाऊ नका, शंकू हातात घ्या. कच्चा शंकू मऊ, ओलसर, दाबला की दबूनच राहतो आणि गवताचा वास देतो. पिकलेला हलका, कागदासारखा वाजतो, दाबून सोडला की परत फुलतो. मधून फाडला तर ल्युप्युलिन फिकट लिंबू रंगाचं न राहता गडद पिवळं झालेलं दिसतं, बोटांना चिकटतं आणि वास नाकात भरतो. खात्री हवी असेल तर शंभर ग्रॅम शंकू तोडून पूर्ण कोरडे करा. वीस ते पंचवीस ग्रॅम उरले की वेळ झाली. भुकटीला लसणा-कांद्याचा वास येऊ लागला तर उशीर झालाय.

पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. त्या आकड्यांनी कातडी ओरखडते आणि चिकाने पुरळ उठतं. शंकू हाताने तोडा आणि वेल तीन-चार फुटांवर कापा. बुडाचा हिरवा भाग थंडी पडेपर्यंत राहू द्या, त्यातलं अन्न गड्ड्यात उतरतं.

वाळवण उन्हात नको. उन्हाने वास उडतो आणि रंग जातो. खिडकीच्या जाळीवर पातळ थर पसरा, खालून पंखा, अंधाऱ्या कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस. डिहायड्रेटर असेल तर ५० अंशांवर नेऊ नका. मधली काडी वाकण्याऐवजी मोडली म्हणजे झालं. मग हवा काढलेल्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये. पुरत्या वाढलेल्या एका वेलाचे सुके शंकू साधारण अर्धा ते एक किलो भरतात.

घरी बियर गाळणाऱ्यांनी हे शंकू शेवटच्या दहा मिनिटांत, वासासाठी टाकावेत. कडवटपणाचं प्रमाण मोजलेलं नसल्यामुळे सुरुवातीला टाकले तर अंदाज चुकतो. ताजे, न वाळवलेले वापरायचे तर वजनाने चार-पाच पट घ्या आणि तोडल्यापासून दिवसाच्या आत.

कुत्रा पाळला असेल तर हे नीट वाचा. हॉप्स कुत्र्यांना विषारी आहे. ताप झपाट्याने चढतो, धाप लागते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर जीव जातो. बियर उकळून उरलेला गोड चोथा त्यांना विशेष आवडतो, म्हणून तो उघड्या कंपोस्टमध्ये टाकू नका. गळून पडलेले शंकूही उचला. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी थेट पशुवैद्याकडे न्या.

थंडीत

पहिल्या कडक दहिवराने पानं काळी पडली की उरलेली खोडं जमिनीपासून दोन-तीन इंचांवर कापा. काथ्यासकट सगळं कंपोस्टमध्ये, मात्र त्या वर्षी केवडा किंवा भुरी आली असेल तर कचऱ्यात. गड्ड्यावर चार इंच पेंढा किंवा पालापाचोळा घाला आणि मार्चपर्यंत विसरा. बर्फाची काळजी नको, गड्डा उणे वीस अंशांपर्यंत आरामात निभावतो.

मार्चमध्ये फावडं घालाल तेव्हा बादलीभर बेणं निघेल. मित्रमंडळींना वाटताना प्रत्येक तुकड्यावर जातीचं नाव लिहिलेली पट्टी बांधा आणि डोळे वर ठेवायला बजावा. सोबत हेही सांगा की पुढच्या एप्रिलमध्ये कात्री तयार ठेव.